स्वातंत्र्य मिळून पाच दिवस नाही झाले अन् फौजेचं बंड, हे कसं काय?

अभ्यासिका_जळगाव
राम राम मंडळी. आफ्रिकेचा इतिहास वाचतोय. काँगो ३० जून १९६० ला स्वतंत्र आणि ५ जुलैला फौज बिथरली, घाना १९५७ चा, तिथे १९६६ ला राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमाला लष्कराने काढलं, नायजेरियात तर त्याच एका वर्षात दोनदा सत्तापालट. नोट्समध्ये सगळ्याला एकच उत्तर, 'टोळ्यांचा संघर्ष'. आपल्याकडे काय जातीपाती कमी होत्या का भो? मग इथे फौज का नाही आली? परीक्षेचं सोडा, डोक्यात किडा वळवळतोय.

खडूवाले_मास्तर_धुळे
बाळा, टोळ्या हे आळशी माणसाचं उत्तर. काँगोचंच घे. फौजेत साधारण २५,००० शिपाई आणि अधिकारी एकजात बेल्जियन, काळा एकही नाही. स्वातंत्र्य आलं, पुढारी मोटारीत फिरायला लागले आणि शिपायाच्या डोक्यावर साहेब तेच. त्यात सेनापती यान्सेन्सने सगळ्यांना गोळा करून फळ्यावर लिहिलं, 'स्वातंत्र्याआधी = स्वातंत्र्यानंतर'. संध्याकाळपर्यंत छावणी पेटली. मी आयुष्यभर खडू झिजवला पण एका ओळीत एवढी आग मला नाही जमली. ११ जुलैला तिथला पुढारी त्शोम्बे याने कटांगा प्रांत वेगळा काढला, म्हणजे तांब्याच्या खाणी गेल्या. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष कासावुबू आणि पंतप्रधान लुमुंबा एकमेकांना बडतर्फ करत बसले अन् मधल्यामध्ये फौजेतला मोबुटू सत्तेत घुसला, जो लुमुंबानेच वर चढवला होता. १७ जानेवारी १९६१ ला कटांगात लुमुंबाला मारलं. यात टोळीपेक्षा तांबं आणि खुर्ची जास्त दिसते मला.

कापूसवाला_चोपडा
घानाचं मी सांगतो, कारण ते आपल्या जुन्या कापूस एकाधिकार खरेदीसारखंच आहे. तिथे कोको फक्त सरकारी बोर्डाला विकायचा. १९५४ ला बाजार तेजीत आणि सरकारने भाव बांधला ६० पौंड वजनाच्या बोजाला ७२ शिलिंग, तोही चार वर्षांसाठी!! वरचा पैसा सरकार विकासाला वापरणार. कुमासीकडचे कोकोवाले शेतकरी आणि तिथले सरदार चिडले, वेगळी चळवळ उभी राहिली, आम्हाला संघराज्य द्या म्हणून, १९५५ ला एन्क्रुमाच्या घरावर बॉम्ब पडला. १९५६ ची निवडणूक तोच जिंकला पण १९५८ ला विनाचौकशी डांबायचा कायदा केला, १९६४ ला एकच पक्ष ठेवला. मग १९६५ ला कोकोचा भाव असा गडगडला की तिजोरी रिकामी, लोक रात्री पोती आयव्हरी कोस्टला नेऊन विकायचे. आपल्याकडे कापूस कसा एमपीत जायचा, आठवतं का जुन्या लोकांना? २४ फेब्रुवारी १९६६, एन्क्रुमा हनोईला निघालेला, वाटेत पेकिंगला (आजचं बीजिंग) असताना इकडे लष्कर बसलं.

अभ्यासिका_जळगाव
भारी. पण भारताचं राहिलं ना.

खडूवाले_मास्तर_धुळे
आपल्याकडे देशी अधिकारी आधीपासून होते, १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पा भूदलाचे सरसेनापती झाले. आणि तिन्ही दलांना १९४७ पासूनच वेगवेगळे प्रमुख, म्हणजे सगळी फौज एकाच्या मुठीत नको; १९५५ ला तर 'सरसेनापती' हे पदनामही काढलं. तसे अधिकारी पाकिस्तानकडेही होतेच, पण आपली पहिली निवडणूक १९५१-५२ ची आणि त्यांची पहिली सार्वत्रिक निवडणूक थेट १९७० ची. त्याच्या आत, १९५८ लाच अयुब खान बसलेला. लोकांनी मतं दिलेलं सरकार हटवणं वेगळं आणि आपसात खुर्च्या बदलणाऱ्यांना हटवणं वेगळं.

सातपुडा_नंदुरबार
मास्तर, माफ करा पण टोळ्या एवढ्या झटकून टाकू नका. नायजेरियात जानेवारी १९६६ च्या उठावात बहुतेक मेजर इग्बो (आग्नेयेकडची जमात), मेलेल्यांत उत्तरेकडचे मोठे नेते, पंतप्रधान बालेवासुद्धा. जुलैत उत्तरेकडच्या अधिकाऱ्यांनी उट्टं काढलं, उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, म्हणून तर ३० मे १९६७ ला इग्बोंचा प्रदेश बियाफ्रा नावाने वेगळा झाला, युद्ध पेटलं आणि जानेवारी १९७० पर्यंत लोक लढाईपेक्षा उपासमारीने जास्त मेले. तेलही होतं, मान्य. पण ज्याला गाडीतून उतरवून मारलं त्याला नाव विचारून मारलं, तेल विचारून नाही.

खडूवाले_मास्तर_धुळे
बरोबर. 'आळशी' शब्द मागे घेतो. 'अर्धं उत्तर' म्हणतो.