घरच्या विहिरीच्या पाण्याला कायदा लागू होतो का?

परसदार: कोकणातील आमच्या घराच्या परसात जांभ्यात खोदलेली जुनी विहीर असून घरात पिण्यासाठी तिचेच पाणी वापरले जाते. यंदा शेजाऱ्यांनी तिच्यापासून जेमतेम पंचवीस फुटांवर शौचालयाचा शोषखड्डा घेतला. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी, क्लोरीन असलेली चुन्याची पावडर) टाकतात; आमच्या विहिरीचे नाव काढले की ‘ती खासगी आहे’ एवढेच उत्तर मिळते. मग दाद कोठे मागावी?

वकिलीतला एक: भारतीय न्याय संहितेचे कलम २७९ पाणी घाण करणाऱ्याला शिक्षा सांगते, मात्र ते ‘सार्वजनिक’ झरा किंवा जलाशयापुरतेच आहे. तुमच्या कामाचा कायदा त्याहून बराच जुना आहे. १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टच्या (जमिनीसंबंधीच्या सुविधाधिकारांच्या कायद्याच्या) कलम ७ खालील उदाहरणांत, आपल्या जमिनीत नैसर्गिकरीत्या झिरपून येणारे पाणी इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हा जमीनमालकाचा हक्क स्पष्ट नोंदवला आहे. त्याआधारे दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागता येतो; मात्र पाणी दूषित झाल्याचा पुरावा हाती हवा.

निवृत्त आरोग्यसेवक: तो पुरावा म्हणजे तपासणीचा अहवाल. नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फात ठेवावा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) अजिबात आढळता कामा नये. पाणी नितळ दिसते, हा निकष नव्हे. विहीर आणि शोषखड्डा यांत किमान ५० फूट अंतर असावे असे आम्ही गावोगाव सांगत असू, आणि जांभा सच्छिद्र असल्याने तेथे तेवढेही पुरेलच असे नाही.

तोवर टीसीएल स्वतः टाका. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर पाणी होते; हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ७० ग्रॅम पावडर पुरते. ती कोरडी टाकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडून हलवावी आणि तासभर पाणी उपसू नये. नमुना मात्र टीसीएल टाकण्यापूर्वीच घ्यावा, नाहीतर अहवाल स्वच्छ येईल आणि शेजारी तोच न्यायालयात दाखवतील! शिवाय क्लोरीनने जंतू मरतात, मैल्यातून पाण्यात उतरणारे आणि तान्ह्या मुलांना घातक असणारे नायट्रेट जात नाही. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. घरात तान्हे मूल असेल तर तीही तपासणी करून घ्या.

परसदार: घरात चार महिन्यांची नात आहे. सोमवारी नमुना देतो. तोवर तिच्यासाठी नळाचे पाणी उकळून वापरू.