अनुभव धागा: आठवी ते दहावीत हाताला काय शिकवलं?

शाळेत तंत्रज्ञान शिकायला मिळालं का? नसेल, तर पुढे कुठं अडलं? मोकळेपणानं लिहा. मी यवतमाळ जिल्ह्यात माध्यमिकला शिकवते. आमची बरीच पोरं दहावीनंतर थेट शेतात, दुकानात नाहीतर पुण्याकडच्या कंपनीत लागतात. त्यांना नीट बसवून शिकवायची ही शेवटचीच वर्षं. काम करता करता शिकायची नई तालीम 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडली गेली, म्हणजे आपल्याच मातीत. तरी आपल्याकडेच हा तास पहिला कापला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

शेतकरी, हिंगणघाटकडचा
आमच्या शाळेत मूलभूत तंत्रज्ञानाचा तास होता, पाबळच्या विज्ञान आश्रमानं सुरू केलेला अभ्यासक्रम. वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, सगळं. सरांनी मोटरीवरची पाटी वाचायला शिकवली, ते आजवर कामी येते. मागच्या हंगामात भावाची 5 एचपीची मोटर सारखी ट्रिप व्हायची. मेकॅनिकनं रिलेचा (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) आकडा 11 वर नेला, ट्रिपिंग थांबलं. मी पाटी पाहिली तर मोटरीचा करंट 7.5 अँपिअर! म्हणजे एक फेज गेला, भार उरलेल्या दोनवर आला, तरी रिले वेळेत तोडेलच असं नाही, अन् वाइंडिंग जळू शकते. रिले परत खाली आणला, मेन बंद करून स्टार्टर उघडला. एका फेजचा कॉन्टॅक्ट काळाठिक्कर पडला होता. तो बदलला, मोटर चालू.

विज्ञान शिक्षक, अकोला जिल्हा
घरोघरी मोबाईल आहे म्हणून तंत्रज्ञान आलं, असं मी मानत नाही. नववीच्या मुलांनी शाळेशेजारच्या कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले. रोज सकाळी गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे, एक्सेलमध्ये भरायचे, आलेख काढायचा. सापळ्यामागे 8 पतंग, सलग 3 रात्री, ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे आकडा इथवर चढला तरच फवारायचं. पुस्तकात ती नुसती ओळ होती, आलेखावर आडवी रेघ मारली तेव्हा पोरांना समजली. एका मुलीनं घरी वडिलांना अडवलं, "बाबा, आज काऊन फवारता? आकडा तर चढलाच नाही." त्यांनी ऐकलं. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी अन् मजूर दगावले. म्हणून हा आलेख मला मार्कांपेक्षा मोठा वाटतो.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, गोंदिया जिल्हा
आमच्या शाळेत संगणक होते, खोलीला कुलूप होतं. माउसचं चित्र वहीत काढून, भागांना नावं देऊन मार्क मिळवले. एमएचटी-सीईटी संगणकावर असते. गणितं येत होती, पण पुढचा प्रश्न, मागचा प्रश्न, कोपऱ्यात पळणारी वेळ, यातच जीव घाबरा झाला. घरी मोबाईल होता, तो भावाकडे. आमच्याकडच्या कितीतरी मुलींना यंत्राला हात लावायला मिळाला तर शाळेतच मिळतो. कृपा करून त्या खोल्या उघडा.

सेतू केंद्र, वाशिम
शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला अकरावीची पोरं येतात. दिवसभर रील पाहणारं पोरगं पासवर्ड मलाच बनवायला सांगते अन् ओटीपी भर गर्दीत मोठ्यानं वाचते. मी आधी पासवर्ड त्यालाच टाकायला लावतो, मग फॉर्म. रांगेतले कुरकुरतात, कुरकुरू द्या.

पालक, धारणी तालुका
अकोल्याच्या सरांना विचारतो. आमच्या शाळेत संगणक नाही, लाईन केव्हा जाईल नेम नाही. हे पतंगांचं काम कागदावर जमेल का?

विज्ञान शिक्षक, अकोला जिल्हा
जमते भाऊ. चौकटीच्या वहीत आलेख काढा, रेघ लाल पेननं मारा. सापळे एकरी 2 पुरतात. ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) मात्र गुलाबी बोंडअळीचाच मागा, हिरव्या अळीचा वेगळा येतो, अन् पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला.