फॉस्टर मुलं, ख्रिस्ती कॅम्प आणि 'जाळ्यात ओढणं'

नगरची लेक (डॅलस):
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "चर्चवाले फॉस्टर मुलांना आठवडाभर फुकट पोहायला नेतात ते जाळ्यात ओढायला, आणि आपली काही मराठी माणसं तिथे मेंटर म्हणून मिरवतात." फॉस्टर मुलं म्हणजे सरकारने घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात तात्पुरती ठेवलेली मुलं. त्या मराठी माणसांपैकी मी एक. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

तीन उन्हाळे मी पूर्व टेक्सासातल्या तळ्याकाठच्या कॅम्पला जाते आहे. सोमवार ते शुक्रवार. मुलं सहा ते बारा वर्षांची, एका मेंटरकडे दोघं. त्याआधी बोटांचे ठसे, पोलीस तपासणी, प्रशिक्षण. मुलासोबत एकट्या मोठ्या माणसाने कुठेही थांबायचं नाही. फोटो फेसबुकवर टाकला की तुमचा कॅम्प कायमचा संपला.

यंदाची माझी धाकटी आठ वर्षांची. बसमधून उतरली तेव्हा कपडे काळ्या कचऱ्याच्या पिशवीत. घर बदलताना बऱ्याच फॉस्टर मुलांच्या हातात हीच पिशवी असते. पहिल्या रात्री तिने जेवणातले दोन पाव उशीखाली लपवले. मी बघितलं, बोलले नाही. दुसऱ्या दिवशी झाकणाचा डबा दिला, म्हटलं, यात ठेव, मुंग्या लागणार नाहीत. गुरुवारी सगळ्या मुलांचा मिळून वाढदिवस करतो, कारण कित्येकांचा कधी झालेलाच नसतो. केकवर तिचं नाव होतं. ती कापेचना. "कापला तर नाव जाईल." आम्ही नावाच्या कडेकडेने कापला. त्या वेळी माझ्या डोक्यात धर्म नव्हता.

वाकडी वाट:
ते लिहिणारा मीच. केकचं वाचून मलाही गलबललं, पण उत्तर टाळलंत. रोज बायबलची गोष्ट असते की नाही? आईपासून तुटलेलं सहा वर्षांचं पोर, जो मायेने जवळ घेईल त्याचाच देव खरा मानणार. असा होकार मी होकार धरत नाही. अमेरिकेत मूळ रहिवाशांची मुलं उचलून बोर्डिंग शाळांत आणि परक्या घरांत भरली. अशी मुलं आपल्याच कुटुंबात, जमातीत राहावीत म्हणून १९७८ साली इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट करावा लागला तो उगाच नाही.

नगरची लेक:
असते. रोज अर्धा तास. फॉस्टर पालकांना आधी सांगितलेलं असतं, ज्याला बसायचं नाही तो हस्तकलेच्या टेबलावर जातो. लपवलेलं काही नाही.

अकरा वर्षं केसवर्कर (ओहायो):
अशा मुलांची केस सांभाळणं हे माझं काम. धर्म बाजूला ठेवा. माझा राग शुक्रवारवर आहे. पाच दिवस गळ्यात गळे आणि शुक्रवारी टाटा. सोमवारी फॉस्टर आईचा फोन मला येतो: पोरगं दारं आपटतंय, अंथरूण ओलं करतंय. १९९७ च्या कायद्याप्रमाणे मूल २२ पैकी १५ महिने घराबाहेर राहिलं की सहसा सरकारी खात्याला आई-वडिलांचं पालकत्व संपवण्याचा अर्ज कोर्टात करावा लागतो. आई, भावंडं, शाळा, प्रत्येकाचा निरोप घेऊन झालेलं मूल ते. त्यात तुम्ही आणखी एक निरोप वाढवता.

वाकडी वाट:
आणि आपल्याकडचं शारदा सदन, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंची विधवांसाठीची शाळा? १८८९ साली धर्मात हात घालणार नाही म्हणून उघडलं. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला आणि १८९३ साली रानडे-भांडारकरच सल्लागार मंडळातून बाहेर पडले. केसरीची शंका खरी ठरली.

सदाशिव पेठ:
अवांतर आहे, तरी लिहितो. रमाबाई प्रार्थनेला बसायच्या तेव्हा दार उघडं असे, हव्या त्या मुली येऊन बसत. ओढून कुणाला नेलं नव्हतं. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. त्याच पुढे बाया कर्वे. त्या बाटल्या का?
माझ्या पणजीची धाकटी बहीण नवव्या वर्षी विधवा झाली. त्या गडबडीत घरच्यांनी तिला सदनातून परत आणलं. पुढची साठ वर्षं माजघरात. ती गेल्यावर ट्रंकेत इंग्रजीचं पहिलं पुस्तक निघालं, सातव्या धड्यावर पान दुमडलेलं. धर्म राखला म्हणता, तो कुणाच्या जिवावर?

वाकडी वाट:
एका पुस्तकाने इतिहास बदलत नाही. दुष्काळात रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुली ख्रिस्ती झाल्याच ना? भुकेल्याला काय विचारता? उगाच नाही म्हणत, बाटग्याची बांग मोठी.

नगरची लेक:
ही म्हण मागे घ्या. माझ्या पणजीला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते. मिशनच्या शाळेत तिच्या हातात पाटी आली. तिने विचार करून धर्म निवडला. आमच्या घरी आजही रेव्हरंड टिळकांची भजनं टाळ घेऊन म्हणतात. मी तुमच्याइतकीच मराठी आहे.

वाकडी वाट:
म्हण मागे घेतो. रागात लिहिली, चुकलं. मुद्दा मागे घेत नाही.

बालगृहातला:
मी आठव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत बालगृहात होतो, पश्चिम महाराष्ट्रात. तिथे रोज संध्याकाळी रामरक्षा सक्तीची होती. माझा होकार कुणी विचारला नाही, आणि त्यावर कुणी धागाही काढला नाही.
दिवाळीला लोक फराळाचे पुडे घेऊन यायचे, फोटो काढायचे, नाव न विचारता जायचे. बँकेतले एक काका मात्र महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यायचे. सहा वर्षं. अपूर्णांक त्यांनी शिकवले. एकदा तापाने फणफणले होते तरी आले, व्हरांड्यात लांब बसून गणितं तपासली. त्यांचा देव कोणता, मला आजही माहीत नाही.
ताई, कॅम्पनंतर त्या मुलीला भेटलात का?

नगरची लेक:
नाही.
कॅम्पवाल्यांचा मेंटर कार्यक्रम आहे, शाळेच्या वर्षात महिन्याला चार तास. मी नाव दिलं नव्हतं. शनिवारी मुलाचं सॉकर असतं. तुमचा प्रश्न वाचून काल नाव दिलं. तोवर तिचं घर पुन्हा बदललंय, आता ती अडीच तासांवर आहे. परवानगी मागितली आहे.

अकरा वर्षं केसवर्कर (ओहायो):
एकही शनिवार चुकवणार नसाल तरच जा. जमणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा, ते तिला सोपं जाईल. असे वर्षभर टिकणारे मेंटर असतील तर माझा आक्षेप अर्धा मागे. अर्धाच.

वाकडी वाट:
बायबलशिवाय असं काही आहे का? मी पैसे देतो.

अकरा वर्षं केसवर्कर (ओहायो):
पैसे नकोत, माणूस हवाय. कासा. कोर्टात मुलाच्या बाजूने बोलणारे स्वयंसेवक. १९७७ साली सिएटलच्या एका न्यायाधीशाच्या कल्पनेतून सुरू झालं, धर्माचा संबंध नाही. आधी तीस तासांचं प्रशिक्षण.

वाकडी वाट:
अर्ज उघडलाय. आणि पेठवाले, शारदा सदनाचं तुमचं मला अजूनही पटलेलं नाही. ट्रंकेतल्या पुस्तकाबद्दल मात्र मी तसं लिहायला नको होतं.