नायजेरियन खानावळीत सूप आणि ‘स्वॉलो’ यांची जोडी कशी निवडावी?

प्रश्न
नोकरीनिमित्त नुकताच लागोसला आलो आहे. येत्या शनिवारी कार्यालयातील सहकारी मला त्यांच्या नेहमीच्या खानावळीत नेणार आहेत. तेथील फलकावर एका बाजूला एगुसी, ओग्बोनो, एफो रिरो, एवेडू, बांगा अशी सुपे, तर दुसऱ्या बाजूला इबा, अमाला, फुफू आणि पाउंडेड याम हे ‘स्वॉलो’, म्हणजे सुपासोबत खायचे मऊ गोळे, लिहिलेले असतात. मी मटण आणि मासे खातो, गोमांस मात्र खात नाही. बुळबुळीत पदार्थ मला फारसे रुचत नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
आधी सूप ठरवावे आणि मग त्याला साजेसा स्वॉलो मागवावा. आपल्यासाठी मी निःशंकपणे एगुसी सुचवेन. आपल्याकडे ज्याला मगज म्हणतात, तशाच बियांची पूड तांबड्या पाम तेलात परतून हे सूप करतात. त्यामुळे ते दाट आणि रवाळ होते, बुळबुळीत होत नाही. त्यासोबत पाउंडेड याम घ्यावा. उकडलेला याम नावाचा कंद उखळात कुटून केलेला हा पांढरा गोळा तांदळाच्या उकडीसारखा मऊ असतो आणि त्याला स्वतःची चव फारशी नसल्याने सूप नीट कळते. इबा कसावा या कंदाच्या आंबवून भाजलेल्या रव्यापासून, म्हणजे गारीपासून होतो, म्हणून तो किंचित आंबट लागतो. फुफूही कसाव्याचाच, पण त्याचा आंबूस वास बराच उग्र असतो, तेव्हा तो पहिल्याच दिवशी घेऊ नये. उजव्या हाताने लहान गोळा तोडावा, अंगठ्याने त्यात खळगा करावा, सूप भरून घ्यावे आणि न चावता गिळावे. पालेभाजी आवडत असेल तर नैऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांच्या पद्धतीचे एफो रिरोही उत्तम, मात्र त्यातली मिरची चांगलीच झणझणीत असते.

उत्तर २
वरील सल्ला योग्य आहे, तरीही बुळबुळीत सुपे कायमची वगळू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मी नैऋत्य नायजेरियातील इबादान शहरात राहतो. येथे अमालावर सोललेल्या चवळीचे पिवळे ग्बेगिरी, तागाच्या कोवळ्या पानांचे हिरवे एवेडू आणि तांबडा मिरचीचा रस्सा एकत्र वाढतात. या ताटाला अबुला म्हणतात. वाळवलेल्या यामच्या पिठाचा अमाला गडद तपकिरी दिसतो, आणि नवख्या माणसाचा हात तेथेच आखडतो. वास्तविक तो फार हलका असतो, आणि एवेडूच्या बुळबुळीतपणामुळेच घास सहज घशाखाली उतरतो. ओग्बोनोची तार मात्र याहून कितीतरी लांब सुटते, म्हणून ते नंतर कधीतरी खावे. दक्षिणेकडील नायजर डेल्टा भागातील सहकारी सोबत असतील तर पाम फळांच्या गराचे बांगा सूप आणि त्याच्या जोडीचा ‘स्टार्च’ नावाचा स्वॉलो त्यांच्याच सल्ल्याने मागवावा.

उत्तर ३
गोमांसाचा मुद्दा अधिक काळजीने पाहावा, कारण केवळ तुकडे बाजूला काढून भागत नाही. अनेक ठिकाणी सुपाचा मूळ रस्साच गोमांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. ‘असॉर्टेड’ म्हणजे गुरांचे मिश्र मांस, ‘शाकी’ म्हणजे गुराच्या जठराचा भाग आणि ‘पोन्मो’ म्हणजे गुराची कातडी, हे शब्द लक्षात ठेवावेत. ‘गोट मीट’ किंवा ‘कॅटफिश’ सांगतानाच रस्सा कशाचा आहे, हेही वाढणाऱ्या बाईंना स्पष्ट विचारावे. त्या विनासंकोच सांगतात. याशिवाय वाळवलेल्या क्रेफिशची, म्हणजे कोळंबीसारख्या लहान जलचराची पूड जवळजवळ प्रत्येक सुपात असते आणि नॉर्वेहून येणारा स्टॉकफिश, म्हणजे वाळवलेला मासाही पुष्कळांत पडतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. पुढील महिन्यात पत्नी येणार आहे आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. तिच्यासाठी यातले एखादे सूप चालेल का?

उत्तर ३
खानावळीत सूप मागवू नये, कारण पालेभाजीच्या सुपातही क्रेफिश असते. तळलेली पिकलेली राजेळी, म्हणजे येथील ‘डोडो’, आणि उकडलेला याम निर्धास्तपणे मागवावा. चवळीच्या वाफवलेल्या ‘मोई मोई’मध्ये मासा किंवा अंडे घालतात, तेव्हा तो विचारूनच घ्यावा. एगुसी घरी करणे अवघड नाही. बाजारात दळलेली पूड मिळते, आणि क्रेफिशऐवजी ‘इरू’ म्हणजे लोकस्ट बीन या झाडाच्या आंबवलेल्या बिया घातल्या की चवीला खोली येते.