मदत हवी आहे: केलो खटल्यानंतर अमेरिकेत खरंच काय बदललं?

मंडळी, अमेरिकेतल्या लिबर्टेरियन विचारावर (म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य जास्त, सरकारची सत्ता कमीत कमी) आमच्या अभ्यासगटात बोलायचंय. मर्यादित सरकार म्हटलं की सगळे करांवर येतात. मला २००५ चा केलो विरुद्ध न्यू लंडन खटला जास्त महत्त्वाचा वाटतो. कनेक्टिकटमधल्या त्या शहराने खासगी विकासासाठी लोकांची राहती घरं सक्तीने घेतली आणि सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते वैध ठरवलं. पुढे योजनाच बारगळली, जमीन वर्षानुवर्षं ओसाड पडली. फार मोठा अन्याय होता हा. नंतर ४० हून अधिक राज्यांनी भूसंपादनाचे कायदे बदलले. पण वस्ती ‘मोडकळीस आलेली’ ठरवून घरं घ्यायची पळवाट कुठल्या राज्यांनी खरोखर बंद केली? तिकडे वकिली करणारं कुणी आहे का इथे? राज्यवार तुलना कुठे वाचायला मिळेल?