85 लाखांच्या पहिल्या घरासाठी नक्की किती साठवायचं?

भाड्याचं_घर
दोघं नोकरी करतो, दोघांचे मिळून महिन्याला 1 लाख 30 हजार हातात येतात. भांडुपला 24 हजार भाडं, मालकाकडे 1 लाख डिपॉझिट. आजवर 9 लाख साठलेत : 6 लाख एकाच सहकारी बँकेत एफडीत, 3 लाख ऑफिसच्या पतपेढीत. दर महिन्याला 35 हजार बाजूला पडतात. तीन वर्षांनी मुलुंड-भांडुप पट्ट्यात रिसेलचा वन बीएचके घ्यायचा आहे, आजचा भाव 85 लाख धरलाय. 20 टक्के म्हणजे 17 लाख झाले की पुरे, हा हिशोब बरोबर आहे का? तीन वर्षांसाठी एसआयपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम शेअर बाजारातल्या म्युच्युअल फंडात) करावी का? आणि घर दोघांच्या नावावर घ्यावं की एकाच्या?

हप्ता_हिशोब
17 लाखांत भागणार नाही. आज 85 लाखांचं घर घ्यायचं तर काय लागेल ते बघा. 80 टक्के कर्ज म्हणजे 68 लाख, तुमचे 17. स्टॅम्प ड्युटी मुंबईत मेट्रो सेस धरून 6 टक्के, म्हणजे 5 लाख 10 हजार. रजिस्ट्रेशन 30 हजार. एजंट 1 टक्का घेईल असं धरलं (2 मागणारेही आहेत, आधीच ठरवून घ्या) तर 85 हजार. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त 25 हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, व्हॅल्युएशन, वकील, गहाणाची स्टॅम्प ड्युटी आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची निबंधकाकडची नोंद) मिळून 60 हजार. रिसेलच्या घरात रंग, नळ, वायरिंग, ग्रिल यांना दीड लाख सहज जातो. बेरीज 25 लाख 60 हजार, घराच्या किमतीच्या 30 टक्के. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे हा वरचा सगळा पैसा तुमच्याच खिशातून जातो.

आता तुमची बाजू. 9 लाख साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत 10 लाख 90 हजार होतील, आणि 35 हजारांची आरडी (दर महिन्याला भरायची बँक ठेव) 13 लाख 95 हजारांच्या आसपास. करआधी साधारण 24 लाख 85 हजार. जुळल्यासारखं वाटतंय, पण 85 हा आजचा भाव आहे. वर्षाला 5 टक्के वाढ धरली तर तीन वर्षांनी तेच घर 98 लाखांना पडेल. इथे आणखी एक खाच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत मिळतात, 75 लाखांवरच्या कर्जाला 75 टक्केच. म्हणजे घर 93 लाख 75 हजारांच्या वर गेलं की पूर्ण 80 टक्के मिळत नाहीत. 98 लाखांच्या घराला कर्ज 75 लाखांवर थांबेल आणि खर्चासकट तुम्हाला 32-33 लाख लागतील. आठ लाखांची तूट. दर वर्षी बचत 10 टक्क्यांनी वाढवली तरी त्यातले दीड लाखही भरून निघत नाहीत.

माझं स्पष्ट मत : तुमचं बजेट 85 नाही, आजच्या भावाने 70 लाख आहे. ते तीन वर्षांनी 81 होईल, कर्ज 64 लाख 80 हजार, बाकी सगळं मिळून साडेचोवीस लाख. तुमच्या बचतीत हे नीट बसतं. लहान कार्पेट, जुनी इमारत किंवा एखाददोन स्टेशनं पुढे, यातलं काय सोडायचं ते आत्ताच ठरवा. टोकन दिल्यावर ठरवायला गेलात तर पर्सनल लोनच्या दारात उभं राहाल. त्याचा हप्ता तुमच्या पात्रतेतून वजा होतो आणि गृहकर्जच कमी मंजूर होतं.

एसआयपी या पैशासाठी नको. जानेवारी 2020 मध्ये सेन्सेक्स 42 हजारांजवळ होता, 23 मार्चला 26 हजारांखाली बंद झाला. ज्यांनी एप्रिलमध्ये रजिस्ट्रेशन ठरवलं असेल त्यांना थांबायला वेळच नव्हता. आरडी, एफडी आणि शेवटच्या वर्षी लिक्विड फंड, बस्स.

अजून एक. तुमचं भाडं आणि बचत मिळून 59 हजार होतात. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांच्या 68 लाखांच्या कर्जाचा हप्ताही 59 हजारच येतो. म्हणजे हप्त्याची तालीम तुमची आत्ताच चालू आहे. फक्त त्यात सोसायटीचा मेंटेनन्स नाही, तेवढे अजून 3-4 हजार बाजूला टाकून बघा, जमतंय का ते कळेल.

इंडेक्स_टू
वरचा हिशोब पटला. पण पैसा कुठे आहे आणि कोणत्या तारखेला हातात येईल, हेही तितकंच महत्त्वाचं.

पहिलं, ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच आहे. तुमचे 6 लाख एकाच बँकेत आहेत, ते दोन बँकांत करा. पतपेढीला तर हा विमा लागूच नाही. घराचा पैसा तिथून काढून घ्या, अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी हा धोका परवडत नाही. भिशीचंही तेच, शिवाय भिशीच्या पैशाला बँकेला दाखवायला कागद नसतो.

दुसरं, मालकाकडचे 1 लाख डाऊन पेमेंटमध्ये धरू नका. ते चावी परत दिल्यावर मिळतात, आणि चावी तुम्ही नवीन घरात शिरल्यावर देणार. हेवी डिपॉझिटवर (भाडं नाही किंवा नाममात्र, पण डिपॉझिट मोठं) राहणाऱ्यांचे तर सात-आठ लाख असे अडकतात.

रिसेलमध्ये पैसा जातो त्याचा क्रम असा : टोकन, मग सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बँकेची मंजुरी, मग सरकारच्या ग्रास पोर्टलवर स्टॅम्प ड्युटी, मग दुय्यम निबंधकाकडे रजिस्ट्रेशन, आणि शेवटी कर्जाचा चेक. तुमचा संपूर्ण हिस्सा विकणाऱ्याच्या खात्यात पोचल्याचं दिसल्याशिवाय बँक आपला पैसा सोडत नाही. या पुराव्यालाच ओसीआर (ओन कॉन्ट्रिब्युशन रिसीट) म्हणतात. त्यामुळे एफडी मुदतीआधी मोडावी लागू नये म्हणून तीन-चार तुकड्यांत ठेवा : एक टोकनसाठी, एक स्टॅम्प ड्युटीसाठी, उरलेल्या हिश्शासाठी. टोकनची पावती लिहून घ्या, आणि कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत, हे वाक्य त्यात असू द्या.

50 लाख आणि त्यावरच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. हा जादा खर्च नाही, विकणाऱ्याच्याच पैशातून जातो. चूक अशी होते की स्वतःचा हिस्सा पूर्ण देऊन टाकतात, बँकही आपला चेक पूर्ण रकमेचा काढते, आणि कापायला काही उरतच नाही. मग तो टक्का पदरचा जातो. आपला हिस्सा देतानाच कापा. खरेदीदार दोन, विकणारे दोन असतील तर जोडीगणिक वेगळा, म्हणजे चार फॉर्म.

विकणारा थोडे रोख मागेल. नाही म्हणा. 20 हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. शिवाय रोख दिलेली रक्कम करारात दिसत नाही, म्हणून कर्जही तेवढ्याने कमी होतं. वडिलांकडून मदत येणार असेल तर खात्यातून खात्यात घ्या आणि साधं गिफ्ट डीड करून ठेवा. आईवडिलांकडून आलेल्या भेटीवर कर नाही.

नावाचं : घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट, 85 लाखांवर 85 हजार. तुमचंही नाव घातलं की सूट गेली. एकटीच्या नावावर घेऊनही तुम्ही सहकर्जदार राहू शकता, पण मालकी नसेल तर व्याजाची वजावट तुम्हाला मिळत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही, मग त्या बाजूने काही जात नाही. मालकी मात्र खरंच एकटीची होते, हे दोघांनी बसून, शांतपणे बोलून ठरवा.

भाड्याचं_घर
खूप आभार. पतपेढीचे पैसे याच महिन्यात काढतो. पीएफ वापरावा का? आणि अंडर कन्स्ट्रक्शन घेतलं तर पैसे हप्त्याहप्त्याने जातात, ते सोयीचं नाही का?

कार्पेट_एरिया
पीएफमधून घरासाठी पैसे काढता येतात, पण तो राखीव ठेवा. सगळा डाऊन पेमेंटमध्ये ओतलात तर नोकरी गेल्यावर हप्ता भरायला काही उरत नाही. आत्ताच एक काम करा : आधार, पॅन आणि पीएफ खात्यावरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते बघा. एका ठिकाणी वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून अर्ज अडतो. जुन्या कंपनीतलं खातंही ट्रान्सफर करून घ्या.

अंडर कन्स्ट्रक्शनमध्ये 5 टक्के जीएसटी वर लागतो, 85 लाखांना सव्वाचार लाख. (कार्पेट 60 चौरस मीटरपर्यंत आणि किंमत 45 लाखांपर्यंत असेल तर 1 टक्का, पण तुमच्या पट्ट्यात ते विसरा.) ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही. ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालू राहतं. ताब्याच्या वेळी आगाऊ मेंटेनन्स, सोसायटी स्थापना, मीटर यांची वेगळी यादी येते, ती बुकिंगच्या दिवशीच लेखी मागा. रेरा कायद्यानुसार करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. कोणी जास्त मागितले तर तिथूनच परत फिरा.

हप्ता_हिशोब
एक राहिलंच. घर आवडलं की टोकनच्या आधी ओसी आणि आधीच्या सगळ्या करारांची साखळी मागा, आणि झेरॉक्स तुमच्या बँकेच्या वकिलाला दाखवा. ओसी नसलेली इमारत किंवा पागडीचं घर स्वस्त दिसतं, पण बहुतेक बँका त्यावर कर्ज देत नाहीत. फार जुन्या इमारतीला मुदत 20 ऐवजी 12-15 वर्षं देतात, आणि मग 59 हजारांचा हप्ता 67 ते साडेपंचाहत्तर हजारांवर जातो. व्हॅल्युएशनही करारापेक्षा कमी आलं तर कर्ज त्या कमी आकड्यावरच मिळतं. त्यासाठी दीड-दोन लाख वेगळे ठेवा, ते वरच्या साडेचोवीसमध्ये मी धरलेले नाहीत.