डेबरा पोरगा, बेसबॉलची पिचिंग आणि कोपराचं दुखणं: काय करावं?

सेविकाताई (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी अंगणवाडीत काम करते, घरी साडेतीन एकर कोरडवाहू शेती आहे. मोठा मुलगा 13 वर्षांचा, आठवीत. जन्मापासून डेबरा, म्हणजे डावखुरा. लहानपणी जेवायला बसला की आजी त्याचा डावा हात धरून ठेवायची, पण हात काही पालटला नाही.

गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याला घाटे धरले तेव्हा वानेरांचा कळप रोज यायचा. शाळा सुटली की हा धुऱ्यावर. आजोबांची गोफण आहे, पण त्याला ती लागत नाही, हातानंच ढेकूळ फेकतो. विहिरीपासून पळसापर्यंत पन्नास-पंचावन्न पावलं असतील. जनावराला लागू देत नाही, ज्या फांदीवर वानेर बसलं तिलाच मारतो. शाळेतले पीटीचे सर एकदा रस्त्यानं जाताना हे बघत उभे राहिले. त्यांनी त्याला आधी सॉफ्टबॉलच्या टीममध्ये घेतलं, आता म्हणतात याला बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॅट्समनला बॉल टाकणारा, करू. मोबाईलवर त्यांनी त्याला रिंकू सिंहचे (क्रिकेटवाला नाही, बेसबॉलचा पिचर) व्हिडिओ दाखवले. त्या दिवसापासून घराच्या मागच्या भिंतीवर चुन्याचा चौकोन निघाला आहे आणि अंधार पडेपर्यंत त्यावर धाडधाड बॉल. गोठ्यातली गाय दचकते.

आता खरी गोष्ट. पंधरा दिवसांपासून कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं. तो सांगत नाही. सकाळी पाण्याची बादली त्यानं उजव्या हातानं उचलली तेव्हा मला समजलं. विचारलं तर म्हणतो, "काही नाही वं माय." बाबा खेळणं बंद करतील याची त्याला भीती. त्याचे बाबा म्हणतात, "क्रिकेट असतं तर समजलो असतो, हे कोणतं खूळ काढलं!"

डावखुऱ्या पिचरचं या खेळात खरंच काही होतं का? त्या रिंकू सिंहचं पुढं काय झालं? आणि कोपराचं मी काय करू? खोटा धीर नको, जे आहे ते सांगा.

कपाशीवाला (पुसद)

ताई, एरंडाचं पान गरम करून बांधा, ठणका उतरेल. खेळाचं म्हणाल तर मी क्रिकेटच सांगीन. उमेश यादव आपल्याच भागातला, नागपूरजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, भारताकडून कसोटी खेळला. विदर्भानं रणजी करंडक जिंकला आहे. डावखुरा फास्ट बॉलर सगळ्यांना हवा असतो. बेसबॉलला आपल्याकडे मैदान नाही, पैसा नाही. लेकराचा वेळ जाऊ नये एवढंच मनात आहे.

डावा हात (आर्णी)

सेविकाताई, आधी एक काम करा. तो चुन्याचा चौकोन आजच पुसा. कायमचा नाही, दुखणं थांबेपर्यंत. आणि एरंडाच्या पानावर थांबू नका. पानानं वरची सूज उतरेल, आत जे ताणलं गेलं ते पानाला दिसत नाही.

मी एसटीत कंडक्टर आहे. त्याआधी चार वर्षं कॉलेज आणि विद्यापीठाकडून बेसबॉलची पिचिंग केली, डाव्या हातानं. माझा डावा कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. गाडीतल्या घंटीची दोरी मी उजव्या हातानं ओढतो. नवीन ड्रायव्हर विचारतात, डेबरा असून उजव्यानं काहून ओढतो, तर दरवेळी सांगत बसत नाही. तुम्हाला सांगतो.

एका स्पर्धेत एकाच दिवशी दोन मॅच होत्या, सकाळी एक, दुपारून एक. टीममध्ये दुसरा धड पिचर नव्हता. दोन्ही मॅच मीच टाकल्या. किती थ्रो झाले कोणी मोजले नाहीत, मीही नाही. दीडशेच्या वर नक्कीच गेले असतील. कोपर सकाळपासूनच दुखत होता, पण बोललो असतो तर बाहेर बसवलं असतं, म्हणून गप्प राहिलो, तुमच्या मुलासारखाच. दुसऱ्या मॅचच्या शेवटी एक थ्रो सुटला आणि सुकलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. मला आला, बाजूला कोणाला आला नसेल. हाताची करंगळी बधिर झाली. आमच्या प्रशिक्षकांनी बर्फ लावला आणि म्हणाले, नस चढली. मी सहा महिने नस उतरायची वाट पाहिली. एमआरआय वगैरे शब्द आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते.

कोपराच्या आतल्या बाजूला दंडाच्या हाडापासून खालच्या हाडापर्यंत एक पट्टा असतो, करंगळीपेक्षाही लहान. वरून जोरात थ्रो करताना हात मागे गेला की सगळा ताण त्या पट्ट्यावर येतो. मोठ्या माणसाचा तो पट्टा फाटतो. पण 13 वर्षांच्या मुलात वेगळं होतं, आणि म्हणून मी आज घाईनं लिहितो आहे. त्या वयात पट्टा ज्या हाडाच्या टोकाला धरलेला असतो ते टोक अजून पक्कं जुळलेलं नसतं, मधे वाढीची कूर्चा असते. रोजच्या ओढीनं ती कूर्चा दुखावते, फट वाढते. वेळीच फेकणं थांबवलं तर बहुतेक मुलं बरी होतात. दुखत असताना फेकत राहिलं तर ते टोक तुटून सुटूही शकतं. त्याला वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात हाडांच्या विभागात दाखवा, आणि दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढायला सांगा. चांगल्या हाताशी ताडून पाहिल्याशिवाय वाढत्या मुलाच्या एक्स-रेत फरक समजायला कठीण जातं.

आता डावखुऱ्यांचं. ज्या पट्ट्याचं मी बोललो, त्याच्या ऑपरेशनला जगभर टॉमी जॉन सर्जरी म्हणतात. टॉमी जॉन डॉक्टर नव्हे, पिचर. आपल्यासारखा डेबरा. 1974 च्या जुलैमध्ये, लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन टीमकडून खेळताना, त्याचा पट्टा गेला. त्याआधी असं झालं की पिचर घरी बसायचा, दुसरा रस्ताच नव्हता. 25 सप्टेंबर 1974 ला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हाताच्या मनगटाजवळची स्नायूची एक दोरी (टेंडन) काढून डाव्या कोपरात, हाडाला भोकं पाडून, ओवली. 1975 चं सगळं साल तो खेळला नाही. 1976 ला परत आला आणि 46 व्या वर्षापर्यंत, म्हणजे 1989 पर्यंत पिचिंग करत राहिला. एकूण 288 विजय त्याच्या नावावर, त्यातले 164 ऑपरेशननंतरचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कंडक्टर होऊन तीन वर्षं झाली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. जे माझं गेलं ते जोडता येत होतं, आणि आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

टॉमी जॉन वेगाचा बॉलर नव्हता हेही मुलाला सांगा. त्याचा बॉल बॅट्समनजवळ येऊन खाली बसायचा. जेमी मोयर नावाचा दुसरा एक डावखुरा होता, त्याचा बॉल तर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यांत वरच्या बेसबॉल स्पर्धेत, सगळ्यांत हळू असणाऱ्यांपैकी. 2012 मध्ये 49 वर्षांचा असताना त्यानं मॅच जिंकली, तिथला सर्वांत वयस्क विजयी पिचर तोच. बॉल कुठं टाकायचा हे त्याला नेमकं ठाऊक होतं. पळसाच्या फांदीवर नेम धरणाऱ्या पोराला हे लवकर पटेल.

रिंकू सिंहचं असं आहे. भदोही जिल्ह्यातला, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, भालाफेक करायचा. 2008 मध्ये भारतात 'मिलियन डॉलर आर्म' ही वेगानं आणि नेमानं बॉल फेकायची स्पर्धा झाली. हजारो पोरं आली होती, हा जिंकला. 87 मैल, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. तोपर्यंत त्यानं बेसबॉलचा ग्लोव्ह घातलेला नव्हता. अमेरिकेत टॉम हाऊस या जुन्या डावखुऱ्या पिचरनं त्याला शिकवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या टीमनं त्याला आणि दिनेश पटेलला करारावर घेतलं. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळालेले पहिले भारतीय हेच दोघं. दिनेश दोन वर्षांत परतला, रिंकू टिकला. 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या, मेजर लीगच्या खालच्या पातळीवरच्या टीमकडून 39 मॅचमध्ये 72 इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन जण आउट होईपर्यंतचा डाव) टाकल्या, 65 जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, दर नऊ इनिंगमागे तीनच रन दिले. आणि नंतर त्याचाही कोपर गेला. ऑपरेशन झालं, पुढची वर्षं दुरुस्तीत गेली. मेजर लीगपर्यंत तो पोचला नाही. 2018 पासून तो कुस्तीच्या डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये होता, वीर महान नावानं.

त्याला मी अपयशी म्हणत नाही. एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा बेसबॉल हातात धरून तो तिथल्या पोरांना आउट करत होता. तुमचा तेराचा आहे आणि त्याच्याकडे वेळ आहे. म्हणूनच घाई नको.

अमेरिकेत मुलांसाठी थ्रो मोजायचा नियम आहे. 13-14 वर्षांच्या पिचरनं एका दिवसात मॅचमध्ये 95 च्या वर टाकायचे नाहीत. 20 पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी खेळला तरी चालतं, 21 ते 35 टाकले तर एक दिवस सुट्टी, 50 पर्यंत दोन दिवस, 65 पर्यंत तीन, त्यावर चार. वर्षात चार महिने तरी वरून फेकणं बंद. भिंतीवर अंधार पडेपर्यंत टाकतो म्हणता, तर त्याचे रोज दोनशे होत असतील. शिवाय शेतातली ढेकळं. कोपर ढेकूळ आणि बॉल यांत फरक करत नाही, ताई, सगळं एकाच खात्यात जमा होतं.

शारीरिक शिक्षण (कारंजा लाड)

वरच्या दादांनी मनापासून लिहिलं, त्यात थोडी भर. मी जिल्हा परिषद शाळेत आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग खालून होते, बेसबॉलमध्ये वरून. दोन्ही एकाच हंगामात, एकाच मुलाकडून करून घेऊ नका. कर्व्ह बॉल (वळणारा बॉल) आताच शिकवू नका. साधा सरळ बॉल आणि त्याच हातवाऱ्यानं टाकलेला हळू बॉल, एवढ्यावर शालेय स्पर्धा निघतात.

डावखुऱ्याचा मोठा फायदा पहिल्या बेसवर (रनरनं धावून गाठायच्या पहिल्या ठिकाणी) आहे. पिचर थ्रोसाठी उभा राहिला की उजव्याची पाठ पहिल्या बेसकडे असते, डावखुऱ्याचं तोंड. बेस चोरायला, म्हणजे बॉल मारला जायच्या आधीच पुढच्या बेसकडे पळायला, निघालेला रनर त्याला समोर दिसतो.

कपाशीवाले काका, आपल्याकडे बेसबॉलमध्ये पैसा नाही हे खरं. पण शालेय स्पर्धांत हे खेळ आहेत, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, राज्याच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी नुसता भाग घेऊन चालत नाही, ठरलेल्या पातळीवर क्रमांक यावा लागतो आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. कागद पहिल्या दिवसापासून सांभाळा.

सेविकाताई

सगळ्यांचे आभार. परवा सेवाग्रामला जाऊन आलो. दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढला. दादा, तुम्ही लिहिलं तेच निघालं, वाढीच्या जागी फट किंचित जास्त आहे, पण तुटलेलं नाही. सहा आठवडे काहीच फेकायचं नाही, मग परत दाखवायचं. डॉक्टर बोलत होते तेव्हा मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता.

तुमचा घंटीच्या दोरीचा मजकूर मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावला. संध्याकाळी पाहिलं तर चौकोनावर त्यानंच शेणाचा हात फिरवला होता. बाबांनी कालनिर्णयवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला गोल केला आहे. वानेरांसाठी सध्या डबा वाजवतो.

एक विचारायचं राहिलं. शाळेत सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे आहेत. हा डाव्यानं फेकतो, मग उलटाच ग्लोव्ह घालून खेळत होता, अंगठा करंगळीच्या जागी. डेबऱ्यांचा ग्लोव्ह कुठं मिळतो? यवतमाळला दोन दुकानांत विचारलं, नाही म्हणाले.

डावा हात (आर्णी)

विकत घेऊ नका. माझा आहे, उजव्या हातात घालायचा. पंधरा वर्षं पेटीत होता, काल काढला. चामडं कडक झालं आहे, खोबरेल चोळून ठेवलं, दोन दिवसांत मऊ पडेल. मनगटाच्या पट्टीची शिवण एका जागी उसवली आहे, ती आर्णीतल्या चांभारदादांकडून शिवून घेतो.

गुरुवारी माझी ड्युटी दारव्ह्याच्या गाडीवर आहे. स्टँडवर कंट्रोलरच्या टेबलाखाली कापडी पिशवीत ठेवून जाईन, पिशवीवर 'अंगणवाडी' लिहिलेलं असेल. सहा आठवडे होईपर्यंत त्यानं तो घालून नुसतं झेलावं. कोणीतरी खालून हलकं टाकायचं, यानं झेलायचं आणि बॉल खाली ठेवायचा, परत फेकायचा नाही. टाकायला बाबांना बसवा.